आपण कोणकोणत्या रोलमध्ये जगतो ते वहीत कसं मांडायचं

बाबा गेल्यानंतर जवळजवळ दोन महिने मला रात्री अडीचला जाग यायची. ती त्यांच्या औषधाची वेळ होती, साडेचार वर्षं मी तेव्हा उठत होते, पुढे पुढे तर अलार्मचीही गरज राहिली नव्हती. आता औषध नाही, बाबा नाहीत, पण मी आपली उठून बसलेली. आणि त्याहून जास्त लागलं ते फोन थांबल्याचं. आधी नातेवाईक, शेजारी, बाबांचे जुने मित्र, सगळे मला "बाबा कसे आहेत" विचारायला फोन करायचे, तू कशी आहेस असं सहसा कोणी विचारायचं नाही पण मला ते तेव्हा खटकलंही नाही, कारण बाबा कसे आहेत हेच मी कशी आहे याचं उत्तर झालेलं होतं.

माझी एक मैत्रीण समाजशास्त्र शिकवते. तिने त्या दिवसांत धीर वगैरे द्यायच्या भानगडीत न पडता मला एक वही घ्यायला लावली आणि एक एक करून काही गोष्टी लिहून घेतल्या. खाली देतेय ते त्या वहीतलं आणि नंतर मी स्वतः जे वाचत गेले त्यातलं आहे. ज्यांचा एखादा मोठा रोल नुकताच सुटलाय, किंवा नवीन अंगावर पडलाय, किंवा ज्यांना नुसतंच वाटत राहतं की आपण दिवसभर कुणाचे तरी कोणीतरी असतो आणि मधे आपण कुठे आहोत तेच सापडत नाही, त्यांनी करून बघा. दोन-तीन संध्याकाळी लागतात, एका बैठकीत उरकू नका.

आधी वीस वाक्यं

पानावर १ ते २० आकडे घाला आणि प्रत्येकापुढे "मी ... आहे" हे वाक्य पूर्ण करा. फार विचार करायचा नाही, जसं सुचेल तसं, आणि क्रम बदलायचा नाही. ही युक्ती जुनी आहे, १९५४ मध्ये मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी ती वापरली, लोकांना कोरा कागद देऊन "मी कोण आहे?" याची वीस उत्तरं लिहायला सांगितली. त्यांना दिसलं की बहुतेक लोक आधी अशा गोष्टी लिहितात ज्या कुणालाही न समजावता कळतात, म्हणजे विद्यार्थी, मुलगी, नवरा, अमुक धर्माचा. ते साठे संपले की मग कुठे माणूस स्वतःच्या आतलं लिहायला लागतो, मी पटकन दुखावते, मला एकटं राहायला आवडतं, मी कंटाळलोय, असं.

म्हणजे आपण स्वतःला सांगायला बसलो की सगळ्यात आधी समाजातल्या आपल्या जागाच हाताला लागतात. यात चुकीचं काही नाही. पण कुठल्या नंबरवर जागा संपल्या आणि आतलं सुरू झालं तिथे एक रेघ मारा. माझी रेघ सतराव्या वाक्यानंतर आली होती, आणि त्या सतरातली नऊ वाक्यं बाबांशी जोडलेली होती, जे तेव्हा या जगात नव्हते. कुणी अकरा वाक्यांवरच अडतं, अडलात तर अडलेलं तसंच ठेवा, ओढूनताणून वीस करू नका.

एक सांगते, वही कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. घरातलं कोणी वाचणार आहे हे डोक्यात असलं की आपण त्यांच्यासाठी लिहायला लागतो आणि मग सगळाच घोळ.

जागा वेगळी, काम वेगळं

आता प्रत्येक वाक्याशेजारी दोन खुणा करायच्यात, आणि मला विचाराल तर अख्ख्या वहीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्टेटस म्हटलं की आपल्याला पैसा नाहीतर फोनवरचं स्टेटस आठवतं. समाजशास्त्रात स्टेटसला दर्जा म्हणतात, आणि दर्जा म्हणजे फक्त जागा, समाजाच्या मांडणीतली तुमची खुर्ची म्हणा, आणि त्या खुर्चीबरोबर येणारे हक्क आणि कर्तव्यं. राल्फ लिंटन या मानववंशशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हा फरक नीट मांडला, की दर्जा ही जागा आणि भूमिका, म्हणजे आपला रोल, हे त्या जागेवरून प्रत्यक्ष जे वागणं होतं ते. दर्जा असतो, भूमिका करावी लागते. आई असणं आणि आईपण करणं, बॉस असणं आणि टीम सांभाळणं.

बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात म्हणून फरक जाणवत नाही. पण जिथे ते सुटे होतात तिथेच माणसाची ओळख सगळ्यात जास्त दुखते. एखादा माणूस कागदावर बाप आहे पण मुलाची इयत्ता त्याला माहीत नाही. दुसरीकडे एखादी मावशी आहे जिने ते मूल लहानाचं मोठं केलं, रात्री जागली, शाळेच्या मीटिंगला गेली, आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली की तिला विचारतात, "तुम्ही पेशंटच्या कोण?" तिने रोल पूर्ण केला पण खुर्ची तिची नाही. ऑफिसमध्येही हे रोज चालतं, सीनियर सोडून गेला, त्याचं सगळं काम एका ज्युनियरकडे आलं, पद नाही, पगार तोच, आणि मीटिंगमध्ये बोलायला लागली की लोक घड्याळ बघतात. अशा माणसाला हळूहळू वाटायला लागतं की आपल्यातच काही कमी आहे. तसं नसतं, काम तिच्याकडे आणि मान्यता दुसरीकडे, इतकंच असतं, पण हे वहीत लिहिलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत पटत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्याशेजारी लिहा, जागा आहे का, काम करतो का. जिथे काम आहे आणि जागा नाही तिथे गोल करा. त्या गोलांबद्दल पुढे कुणाशी तरी स्पष्ट बोलावं लागणार आहे, पद मागा, नाव मागा, निदान "हे मी करते" हे मोठ्याने सांगा. जिथे जागा आहे आणि काम नाही, तिथेही खूण करा, ते बघणं जास्त अवघड जातं पण करा.

लिंटननेच केलेला आणखी एक भाग आहे, पाठ्यपुस्तकात त्याला अर्पित आणि अर्जित दर्जा म्हणतात. अर्पित म्हणजे न मागता मिळालेला, मुलगा की मुलगी, कुठल्या जातीत वंशात जन्म, घरात थोरली की धाकटी, वय. अर्जित म्हणजे आपण काही करून मिळवलेला, शिक्षण, नोकरी, आणि हो, गुन्हेगार हासुद्धा. पुस्तकात ही विभागणी स्वच्छ दिसते, वहीत ती तशी राहत नाही. "बाबांची काळजी घेणारी" ही जागा मी मिळवली की मला मिळाली? मी थोरली, मी मुलगी, मी घरून काम करणारी, भावाला कोणी विचारलंसुद्धा नाही आणि मीही विचारलं नाही. कागदावर तो माझा निर्णय होता. त्या वाक्यापुढे मी आधी "मिळवलं" लिहिलं, मग खोडून "दिलं गेलं" लिहिलं, मग शेवटी दोन्ही ठेवलं. तुम्हीही दोन्ही ठेवा, खोटं नीटनेटकं करू नका.

कुठला रोल सगळ्यांवर पसरलाय

आता नवीन पान. मधे उभी रेघ. डावीकडे लिहा लोक मला कशावरून ओळखतात, उजवीकडे मी मला कशावरून ओळखतो. डावी बाजू भरायची सोपी रीत म्हणजे गेल्या महिन्यात कुणी तुमची ओळख करून दिली असेल ती आठवायची, "ही आमची अमुक", त्या अमुकच्या जागी कुठला शब्द आला. फोनमध्ये लोकांनी तुमचं नाव कशाने सेव्ह केलंय तेही बघा, ओन्याची आई, टू-बी वाला, अकाउंट्स मॅडम.

एव्हरेट ह्यूज यांनी १९४५ मध्ये एका गोष्टीकडे लक्ष वेधलं, की माणसाकडे दर्जे बरेच असतात पण त्यातला एखादा बाकीच्यांना झाकून टाकतो. त्यांचं उदाहरण अमेरिकेतल्या काळ्या डॉक्टरचं होतं. समोरच्याने त्याच्याशी डॉक्टर म्हणून वागायचं की त्या काळचा समाज काळ्या माणसाशी वागायचा तसं, ही अडचण समोरच्याला पडायची आणि भोगायला लागायची डॉक्टरला. याला प्रमुख दर्जा म्हणतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला विचारा, तो इंजिनियर असो की वकील, दुकानात गेला तर लोक त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारतात, "यांना काय हवंय?"

प्रमुख दर्जा नेहमी वाईटच असतो असं नाही, मोठ्या पदाचाही असतो, आणि तो जास्त फसवा कारण तो आवडतो. साहेब साहेब ऐकत तीस वर्षं गेली की रिटायर झाल्यावर फोन का वाजत नाही हे कळायला वेळ लागतो.

दोन्ही बाजू जुळत नसतील तर लगेच लोकांना दोष देऊ नका. आधी बघा की उजवीकडचं जे लिहिलंय ते तुम्ही कधी कुणासमोर केलंय का. माझ्या उजवीकडे "चित्र काढणारी" होतं आणि मी सहा वर्षं ब्रशला हात लावला नव्हता, लोकांना कसं कळणार. पण जे तुम्ही रोज करता आणि तरी डावीकडे येत नाही, ते मात्र लोकांच्या बघण्यातलं आहे, आणि तिथे कितीही मेहनत केली तरी आपलं बदलून भागत नाही.

दोन दिशांनी ओढ बसते तेव्हा

इथे आधी ओळखायचं की ओढ एकाच रोलच्या आतली आहे की दोन रोलमधली, कारण उपाय वेगळे आहेत आणि लोक इथेच गल्लत करतात. शिक्षिकेला उशिरापर्यंत थांबायचंय आणि घरी तान्हं मूल आहे, हा दोन भूमिकांमधला संघर्ष. पण त्याच शिक्षिकेला मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन संपवा, पालक म्हणतात आमच्याकडे जास्त लक्ष द्या, मुलं म्हणतात हळू शिकवा, हा एकाच भूमिकेतला ताण, यात घराचा काही संबंध नाही. विल्यम गूड यांनी १९६० मध्ये या ताणाबद्दल लिहिताना म्हटलंय की हा अपवाद नाही, सगळं सगळ्यांना पुरं पडत नाही हीच नेहमीची स्थिती आहे. मला हे वाचून खरंच बरं वाटलं होतं.

एकाच रोलच्या आतल्या ताणावर रॉबर्ट मर्टन यांचं १९५७ मधलं लिखाण फार कामाचं आहे. ते म्हणतात एका दर्जाबरोबर एकच भूमिका येत नाही, नात्यांचा अख्खा संच येतो, आणि त्यातला प्रत्येकजण आपल्या जागेवरून मागत असतो, त्याला दुसऱ्याची मागणी दिसतच नाही. मग त्यातून सुटण्याचे जे मार्ग त्यांनी सांगितलेत त्यातला एक मी स्वतः वापरलाय. मागण्या एकमेकांसमोर आणायच्या. बाबांच्या वेळी एक डॉक्टर म्हणायचे रोज चालवा, दुसरे म्हणायचे अजिबात उठवू नका, आणि मी दोघांच्या मधे अपराधी. शेवटी मी दोघांना एकाच मेसेजमध्ये लिहिलं की तुमचं दोघांचं असं असं म्हणणं आहे, मी कुठलं करू. दुसऱ्या दिवशी ते एकमेकांशी बोलले. तोपर्यंत तो माझा प्रश्न होता, त्यानंतर त्यांचा झाला. ऑफिसमध्ये दोन मॅनेजर एकाच दिवशी दोन कामं मागतात तिथेही हेच करा, दोघांना एका मेलमध्ये घ्या, तक्रारीचा सूर नको, फक्त दोन्ही मागण्या शेजारी शेजारी ठेवा.

त्यांनीच सांगितलेला दुसरा मार्ग म्हणजे त्याच जागेवरची दुसरी माणसं शोधणं. काळजी घेणाऱ्यांनी काळजी घेणाऱ्यांशी बोलावं, नवीन मॅनेजरने नवीन मॅनेजरशी. घरच्यांचं प्रेम असतं पण त्यांना तुमची खुर्ची माहीत नसते.

दोन भूमिकांच्या भांडणाला मात्र असा मेसेजचा उपाय नाही. तिथे काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडलं ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं, नाहीतर नंतर आपणच विसरतो की ते आपण सोडलं होतं, आणि उगाच म्हणत राहतो की मला ते कधी जमलंच नाही.

रोल मन बदलतो का

बदलतो. याचा मला पटलेला पुरावा सिमोर लीबरमन यांच्या १९५६ च्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या एका कारखान्यातल्या कामगारांची मतं त्यांनी आधी विचारून ठेवली होती. नंतर त्यातले काही फोरमन झाले आणि काही युनियनचे प्रतिनिधी झाले. परत विचारलं तर फोरमन झालेले कंपनीच्या बाजूने झुकलेले, आणि प्रतिनिधी झालेले युनियनच्या बाजूने. इथपर्यंत कुणीही म्हणेल की मुळात तशाच माणसांना निवडलं असेल. पण पुढे काही काळाने कामाची मंदी आली, काही फोरमनना परत साधे कामगार व्हावं लागलं, आणि त्यांची मतं बऱ्याच अंशी पहिल्यासारखी झाली. माणूस तोच होता, फक्त जागा दोनदा बदलली होती.

तुरुंगाचा तो प्रसिद्ध प्रयोग लोक याच मुद्द्यासाठी सांगतात, १९७१ चा स्टॅनफर्डचा, विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी केलं आणि दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. तो मी आधार म्हणून धरत नाही, कारण पहारेकऱ्यांना कडक वागायला आधी सांगितलं गेलं होतं हे नंतर पुढे आलंय. लीबरमनच्या कामगारांना असं कुणी शिकवलं नव्हतं.

करायचं काय, तर नवीन जागा घेण्याआधी, प्रमोशन असो, लग्न असो, मूल होणार असो, सोसायटीचं सेक्रेटरीपद का असेना, आजची आपली चार-पाच ठाम मतं लिहून ठेवायची. टीममधल्या लोकांनी सुट्टी मागितली तर काय योग्य, मुलांना कुठपर्यंत टोकावं, म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलावं, असली. वर्षाने उघडा. मत बदललं असेल तर ते कशामुळे, नवीन काही कळलं म्हणून की ते मत आता परवडत नाही म्हणून, हे एकदा स्वतःला विचारा. उत्तर बहुतेक वेळा दोन्हीच्या मधलं येतं, पण प्रश्न पडला तरी खूप झालं.

थोडं अंतर

अर्विंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्याचं उदाहरण दिलंय. अगदी लहान मूल घोड्यावर जीव एकवटून बसतं, ते पूर्ण घोडेस्वार असतं. जरा मोठं मूल मात्र एक हात सोडतं, मागे रेलून बसतं, आजूबाजूच्यांना दाखवतं की मी काही नुसता पाळण्यातला घोडेस्वार नाही. याला त्यांनी भूमिकेपासूनचं अंतर म्हटलं.

तुमच्या वीस वाक्यांपैकी कुठल्या रोलमध्ये तुमचा हात असा सुटतो आणि कुठल्यात कधीच सुटत नाही, ते बघा. ज्यात कधीच सुटत नाही, सुट्टीच्या दिवशीही घरात शिक्षकाच्याच आवाजात बोलणं, मित्रांमध्येही डॉक्टरच असणं, तो रोल तुमच्यात विरघळलाय. त्या रोलवर प्रेम असू शकतं, मी हे दोष म्हणून सांगत नाहीये. फक्त तो गेला तर बरोबर बरंच काही नेणार आहे. अशांनी एक जागा मुद्दाम अशी ठेवावी जिथे त्यांचं काम कुणाला माहीतच नाही, पोहण्याचा क्लास, एखादी भाषा शिकणं, जिथे आपण सगळ्यात कच्चे असू अशी. पेगी थॉइट्स यांच्या १९८३ च्या अभ्यासात जास्त सामाजिक ओळखी असलेल्या लोकांमध्ये मानसिक त्रास कमी दिसला होता. पण मी स्वतःच्या अनुभवाने इतकंच म्हणेन की लादलेला सातवा रोल घेऊन कुणी सुखी होत नाही, स्वतः निवडलेला छोटासा एक पुरतो.

रोल सुटल्यावर

हेलन रोझ एबॉ या समाजशास्त्रज्ञ आधी जोगीण होत्या, नन, आणि नंतर मठ सोडून बाहेर आल्या. त्यांनी १८५ लोकांच्या मुलाखती घेतल्या, ज्यांनी कुठला ना कुठला मोठा रोल सोडला होता, आणि १९८८ मध्ये ते मांडलं. आधी शंका येते, मग दुसरे पर्याय चाचपणं, मग एखादी घटना जिच्यानंतर मागे फिरता येत नाही, आणि शेवटी "माजी" होणं. त्यांचं म्हणणं असं की माजी असणं हा स्वतःच एक रोल आहे. घटस्फोटित व्यक्ती ही कधीच लग्न न केलेल्या व्यक्तीसारखी नसते, लोकही तसं वागत नाहीत आणि तीही नसते.

ज्यांचा रोल मृत्यूने जातो त्यांना पहिल्या दोन पायऱ्या मिळतच नाहीत. माझ्याकडे शंका नव्हती, पर्याय शोधले नव्हते, एकदम शेवटच्या पायरीवर. म्हणून मैत्रिणीने मला जे करायला लावलं ते असं, त्या रोलमध्ये मी जे जे शिकले होते ते क्रियापदांत लिहायचं. "काळजी घेणारी" हे नाव संपलं, पण औषधांचा हिशेब ठेवणं, चिडलेल्या माणसाशी शांत बोलणं, रिपोर्ट वाचून दुसऱ्याला सोप्या शब्दांत सांगणं, रात्री जागूनही सकाळी काम करणं, ही क्रियापदं माझ्याकडेच होती. तेवीस निघाली. त्यातली काही मला पुन्हा कधीच करायची नव्हती, त्यांच्यावर रेघ मारली. रिपोर्ट समजावून सांगणं ठेवलं, आता ओळखीतल्या दोन-तीन घरांसाठी ते करते.

नोकरी गेली असेल, मुलं बाहेर पडली असतील, खेळ थांबला असेल, तरी हेच करा, नाम सोडा आणि क्रियापदं लिहा. सवयींना मात्र वेळ द्या, अडीचची जाग जायला मला दोन महिने लागले आणि त्यात मी काही वेगळं केलं नाही, उठायचे, पाणी प्यायचे, परत आडवी व्हायचे. कित्येक आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगावंसंच वाटत नाही असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे नाहीतर समुपदेशकाकडे जा, ते वहीचं काम नाही.

वीस वाक्यं वर्षातून एकदा परत लिहायची. लिहिताना मागचं पान उघडायचं नाही, पूर्ण झालं की मगच दोन्ही शेजारी ठेवायची. माझी रेघ यंदा बाराव्या वाक्यानंतर आली. "मी बाबांची मुलगी आहे" मागच्या वेळी नवव्या नंबरवर होतं, त्याच्या आधी सगळं औषधं, हॉस्पिटल, बिलं. या वेळी ते पहिलं आलं.